समुद्रातल्या पवनचक्क्या आणि पक्ष्यांच्या धडका: अंदाज काढताना कोणत्या पायरीवर काय चुकतं

समुद्रात पवनचक्क्या उभारल्या तर वर्षाला किती पक्षी पात्यांवर आपटून मरतील, याचा अंदाज काढायला उत्तर समुद्राभोवती, विशेषतः ब्रिटनमध्ये, बँड मॉडेल वापरतात. त्याची समुद्रासाठीची आवृत्ती २०१२ ची. गणित अवघड नाही, तक्त्यात आकडे भरले की उत्तर समोर येतं, आणि घात तिथेच होतो. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या तक्त्यांत सूत्र चुकल्याचं मी क्वचितच पाहिलं. सूत्रात घातलेले आकडे मात्र नेहमी चुकलेले दिसतात: घनता भलतीच, उंची भलत्याच शून्यापासून मोजलेली, आणि पक्षी पाती टाळण्याचा दर दुसऱ्याच गणितातून उचललेला.

केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांना अर्थसाहाय्याची योजना मंजूर केली. हे काम आता आपल्याकडच्या मुलामुलींच्याही हाती येणार आहे. म्हणून ज्या क्रमाने ते करायला हवं, त्याच क्रमाने लिहितो. उदाहरणं उत्तर समुद्रातली आहेत, कारण पद्धत तिथेच घासूनपुसून तयार झाली.

## १. आधी पक्षी निवडा, मग सर्वेक्षण आखा

यादीतल्या प्रत्येक समुद्रपक्ष्याला टकरीचा धोका सारखा नसतो. गिलेमॉट, रेझरबिल, पफिन हे जड अंगाचे, आखूड पंखांचे पक्षी बहुतेक वेळ पाण्याला लागून उडतात, पात्यांच्या उंचीवर फार कमी येतात. त्यांचा प्रश्न निराळा आहे, विस्थापनाचा. चक्क्या उभ्या राहिल्या की ते ती जागाच सोडतात आणि भक्ष्याचं पाणी गमावतात. त्यांच्यासाठी टकरीचं गणित करून ‘धोका नगण्य’ असं लिहिणं दिशाभूल करणारं आहे.

टकरीच्या गणितात मुख्यतः येतात ते गॅनेट (सूर मारून मासे पकडणारा मोठा समुद्रपक्षी), किटिवेक (लहान कुरव) आणि मोठे कुरव, म्हणजे हेरिंग गल, लेसर ब्लॅक-बॅक्ड गल आणि ग्रेट ब्लॅक-बॅक्ड गल.

एकाच पक्ष्याचं वागणंही कामाप्रमाणे बदलतं. स्कॉटलंडच्या बास रॉक बेटावरच्या गॅनेटना टॅग (जागा आणि उंची नोंदवणारी छोटी यंत्रं) लावले, तेव्हा ये-जा करताना त्यांची मध्यक उंची १२ मीटर निघाली आणि भक्ष्य शोधताना २७ मीटर. म्हणजे प्रकल्पाची जागा वसाहतीपासून जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे की मासे पकडण्याच्या पाण्यात, यावर धोका ठरतो. नकाशावर वसाहत, मासळीची जागा आणि प्रकल्पाची सीमा एकत्र आखल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तपासा: प्रत्येक जातीसमोर ‘टक्कर’, ‘विस्थापन’ किंवा ‘दोन्ही’ लिहिलं आहे का? गॅनेटपुढे ‘दोन्ही’ यायला हवं.

## २. दोन वर्षं, प्रत्येक महिना

ब्रिटनमध्ये साधारण २४ महिने, दर महिन्याला एक फेरी, अशी पद्धत आहे. एका वर्षावर भागवायचा मोह होतो. पण मासळी एका वर्षी इकडे तर दुसऱ्या वर्षी तिकडे असते, आणि तिच्यामागे पक्षीही.

वर्ष कोणतं, हेही महत्त्वाचं. बास रॉकवर २०१४ मध्ये गॅनेटची सुमारे ७५ हजार घरटी मोजली होती. २०२२ च्या बर्ड फ्लूनंतर, २०२३ मध्ये ती ५२ हजारांच्या आसपास उरली. अशा साथीच्या काळात मोजलेली घनता तीस वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाच्या गणितात जशीच्या तशी घातली, तर वसाहत सावरल्यावरचा धोका हिशेबातच येत नाही. त्या वर्षाच्या आकड्यांवर तशी ठळक नोंद करा आणि साथीपूर्वीचे आकडे मिळाले तर शेजारी ठेवा.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची अडचण ऋतूची आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, होडी मिळत नाही, आणि तक्त्यात त्या महिन्यांपुढे शून्य पडतं. नेमक्या त्याच दिवसांत खोल समुद्रातले पक्षी वाऱ्याने किनाऱ्याकडे ढकलले जातात. मास्क्ड बूबीसारखा एरवी न दिसणारा पक्षी कोकणात थकून वाळूवर उतरलेला सापडतो तो याच काळात.

सावधान: ‘पाहिलं नाही’ आणि ‘पक्षी नव्हता’ या दोन गोष्टी तक्त्यात वेगळ्या दिसल्या पाहिजेत. फेरी झाली नसेल तर रकाना रिकामा ठेवा, शून्य लिहू नका.

## ३. फक्त उडणारे पक्षी, तेही एका क्षणाचे

मॉडेलला हवी असते उडणाऱ्या पक्ष्यांची घनता, दर चौरस किलोमीटरला. बसलेले पक्षी त्यात धरायचे नाहीत. प्रकल्पाच्या सीमेबाहेर जो जादा पट्टा पाहिलेला असतो, त्यातले पक्षीही टकरीच्या घनतेत मिसळायचे नाहीत. तो पट्टा विस्थापनाच्या अभ्यासासाठी असतो.

होडीवरून मोजताना एक चूक फार होते. होडीच्या एका बाजूला ३०० मीटरचा पट्टा धरून त्यातून गेलेला प्रत्येक उडता पक्षी लिहिला जातो. पक्षी होडीपेक्षा कितीतरी वेगाने जातो. तुम्ही एक चौकोन ओलांडेपर्यंत त्यातून दहा पक्षी येऊन जातात, आणि ते दहाही त्या चौकोनाचे ‘रहिवासी’ ठरतात. घनता फुगते.

उपाय म्हणजे क्षणचित्राची पद्धत. १० नॉट वेगाने होडी मिनिटाला साधारण ३०९ मीटर जाते. म्हणून दर मिनिटाला, ठरल्या क्षणी, पुढच्या ३०० बाय ३०० मीटरच्या चौकोनात जे पक्षी हवेत आहेत तेवढेच मोजायचे. मधल्या सेकंदांत दिसलेले वेगळे लिहायचे, घनतेत धरायचे नाहीत. होडीचा वेग बदलला तर मोजण्याचं अंतरही बदला. ८ नॉटवर मिनिटाला एक मोजणी केली तर चौकोन एकमेकांवर चढतात.

विमानातून काढलेल्या डिजिटल छायाचित्रांत ही अडचण नाही, कारण छायाचित्र मुळातच एका क्षणाचं असतं. तिथे त्रास ओळखीचा. ‘मोठा कुरव, जात अनिश्चित’ असे पक्षी टाकून देऊ नका. त्याच महिन्यात ओळखता आलेल्या जातींच्या प्रमाणात ते वाटून द्या.

आणखी एक. होडीमागे लागलेले पक्षी. मासेमारीच्या ट्रॉलरमागे कुरव आणि सुरय (टर्न) यांचा थवा कसा लोंबकळतो, ते हर्णै किंवा मालवणच्या जेटीवर उभं राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. सर्वेक्षणाची होडीही त्यांना मासेमारीची वाटते. असे पक्षी वेगळ्या खुणेने लिहा आणि घनतेतून वगळा.

## ४. उंची: कोणत्या शून्यापासून?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पात्यांच्या खालच्या टोकाजवळची हवा म्हणजे पक्ष्यांची दाटी झपाट्याने बदलणारी जागा. बहुतेक समुद्रपक्षी पाण्यालगतच्या काही मीटरांत असतात आणि वर जावं तसे भराभर विरळ होतात. त्यामुळे उंचीत पाच मीटरांची चूक झाली, तर धोक्याच्या पट्ट्यातल्या पक्ष्यांचं प्रमाण दुपटीने हलू शकतं.

पक्ष्याची उंची आपण त्या क्षणीच्या पाण्यापासून मोजतो. चक्कीची उंची अभियंते ठरावीक पातळीपासून देतात: कधी सरासरी समुद्रपातळी, कधी सर्वांत मोठ्या भरतीची रेषा, कधी सर्वांत खालच्या ओहोटीची. नकाशावरचा आकडा कोणत्या पातळीपासून आहे, ते लेखी विचारा. ब्रिटनमध्ये पात्याचं खालचं टोक आणि भरतीचं पाणी यांत जहाजांसाठी किमान २२ मीटर मोकळे ठेवतात. तो आकडा सरासरी पाण्यापासूनचा समजून वापरला, तर पाती आहेत त्यापेक्षा खाली येतात. बँडच्या तक्त्यात भरतीच्या फरकासाठी वेगळा रकाना आहे आणि तो बऱ्याचदा रिकामा असतो. खंभातच्या आखातात, भावनगरच्या बाजूला, भरती-ओहोटीतला फरक १० मीटरांच्या वर जातो. अशा पाण्यात तो रकाना रिकामा ठेवून चालणारच नाही.

टॅगवरून उंची काढत असाल तर दुसरा सापळा आहे. जीपीएस उंची देतं ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, समुद्राच्या पृष्ठभागापासून नाही. उत्तर समुद्रात पाण्याचा पृष्ठभाग त्या लंबगोलाच्या सुमारे ४० मीटर किंवा अधिक वर आहे. १५ मीटरवरून जाणारा गॅनेट दुरुस्तीशिवाय सरळ पात्यांत दिसतो. आपल्याकडे उलट. भारताच्या दक्षिणेचा समुद्र हा जगातला सर्वांत मोठा गुरुत्वीय खळगा, तिथे पाणी लंबगोलाच्या १०० मीटरांच्या आसपास खाली आहे. पात्यांच्या उंचीवरचा पक्षी तिथे पाण्याखाली पोहताना दिसेल. काही टॅग ही दुरुस्ती आतच करून देतात, काही देत नाहीत, आणि दोन्ही प्रकारचे आकडे एकाच फाइलमध्ये आलेले मी पाहिले आहेत. पक्षी पाण्यावर बसलेला असतानाच्या नोंदी आधी काढा. त्यांची सरासरी शून्याच्या जवळ नसेल तर थांबा.

दुरुस्तीनंतरही काही नोंदी उणे येतील. त्या पुसू नका. यंत्राची चूक वर जाते तशी खालीही जाते. खालच्या पुसून वरच्या ठेवल्या, तर सगळा थवा उंच सरकतो.

सावधान: माणसाच्या नुसत्या डोळ्याने उंची सांगता येत नाही. जमत असेल तर लेझर दुर्बिणीने मोजा. नाहीच जमलं तर ‘पात्यांच्या खाली, पात्यांत, वर’ असे रुंद पट्टे ठेवा, आणि पट्ट्याची सीमा प्रत्यक्ष चक्कीच्या मापाशी जुळते का ते बघा. सर्वेक्षण झाल्यावर चक्कीचं मॉडेल बदलतं आणि पट्टे निरुपयोगी होतात, हे नेहमी घडतं. म्हणून मूळ मोजलेली उंची मीटरमध्येच जपून ठेवा.

आणखी एक मर्यादा मान्य करूनच पुढे जा. होडी आणि विमान शांत हवेतच निघतात, आणि वारा बदलला की उड्डाणाची उंचीही बदलते. वाऱ्यावर तरंगणाऱ्या जाती जोरदार वाऱ्यात उंच उसळ्या घेतात, आणि चक्की जोरात फिरते तीही तेव्हाच.

## ५. गणित, एकदा हाताने

तक्ता उघडण्याआधी एका महिन्याचं गणित कागदावर करा. उदाहरण काल्पनिक आहे, आकडे सोयीचे घेतले आहेत.

चक्क्या ५०, रोटरचा, म्हणजे पाती फिरतात त्या वर्तुळाचा, व्यास २२० मीटर, म्हणजे त्रिज्या ११०. उडणारे किटिवेक दर चौ.किमी.ला ०.५. वेग सेकंदाला १३.१ मीटर. पात्यांच्या उंचीवरचं प्रमाण १० टक्के.

पहिली पायरी, पात्यांच्या वर्तुळांतून सेकंदाला किती पक्षी जातील: घनतेला व्यासाने भागा, सगळ्या वर्तुळांच्या एकूण क्षेत्रफळाने गुणा, वेगाने गुणा. घनता चौरस मीटरमध्ये बदलायला विसरू नका. उत्तर येतं सुमारे ०.०५६६. त्यातले १० टक्केच त्या उंचीवर, म्हणून ०.००५६६.

दुसरी, वेळ. महिन्यात उजेडाचे तास ४८०, अंधाराचे २४०. किटिवेक रात्री दिवसाच्या ५० टक्के उडतो असं धरलं तर उड्डाणाचे तास ६००, म्हणजे २१ लाख ६० हजार सेकंद. गुणाकार साधारण १२,२२०.

तिसरी, वर्तुळातून एकदा जाताना पक्ष्याला पातं लागण्याची शक्यता. ती पक्ष्याची लांबी, पंखांचा पसारा, वेग, पात्याची रुंदी, कोन आणि फिरण्याचा वेग यांवरून निघते. इथे ६ टक्के धरू. उत्तर ७३३.

चौथी, चक्की फिरत असण्याचा काळ. ९० टक्के धरला तर ६६०.

पाचवी, पक्षी पाती टाळतो. टाळण्याचा दर ९८.९ टक्के असेल तर उरतात ७.३ टकरी. ९९.५ टक्के असेल तर ३.३. ९८ टक्के असेल तर १३.२.

त्या शेवटच्या ओळीकडे नीट बघा. ९८ आणि ९९.५ हे आकडे ऐकायला सारखेच. पण गणितात महत्त्व टाळणाऱ्यांचं नाही, न टाळणाऱ्यांचं आहे, आणि २ टक्के हे ०.५ टक्क्याच्या चौपट.

या पायरीवरच्या नेहमीच्या चुका

चौथ्या पायरीत ९० टक्क्यांऐवजी ४०-४५ टक्के घातलेले दिसतात. तो असतो वीजनिर्मितीचा क्षमता गुणांक. चक्की निम्म्या क्षमतेने वीज देत असली तरी पाती फिरतच असतात. वाऱ्याअभावी किंवा दुरुस्तीसाठी जेवढा वेळ पाती थांबतात, तेवढाच वेळ वजा करायचा.

फिरण्याचा वेग कमाल घातला जातो. हवा तो त्या महिन्याच्या वाऱ्याला साजेसा सरासरी वेग.

रात्रीचं प्रमाण जुन्या गुणपत्रकातून उचललं जातं. त्यात प्रत्येक जातीच्या रात्रीच्या उडण्याला दिलेल्या १ ते ५ गुणांचं ०, २५, ५०, ७५, १०० टक्के असं रूपांतर आहे. ते तज्ज्ञांच्या अंदाजावरचं होतं. गॅनेटला त्यात २५ टक्के येतात, टॅगवरून पाहिलं तर तो रात्री त्याहून बराच कमी उडतो.

उडण्याचा वेग एका जागी बदलला आणि दुसऱ्या जागी तसाच ठेवला, असंही होतं. वेग कमी केला की पात्यांतून जाणारे पक्षी कमी होतात, पण प्रत्येकाला पातं लागण्याची शक्यता वाढते. पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही पायऱ्यांत एकच वेग ठेवा. इंग्लंडमधल्या थॅनेट प्रकल्पावर प्रत्यक्ष मोजलेला किटिवेकचा वेग सेकंदाला ८.७ मीटर निघाला, जुन्या १३.१ पेक्षा बराच कमी.

## ६. टाळण्याचा दर: जोडी तोडू नका

पक्षी तीन टप्प्यांवर टाळतो. लांबूनच वळून प्रकल्पात शिरत नाही. शिरला तर चक्क्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांतून जातो. पात्यांजवळ आलाच तर शेवटच्या क्षणी अंग चोरतो. अंतिम दर या तिघांचा मिळून असतो.

पण तो दर निव्वळ पक्ष्याचं वागणं सांगत नाही. तो बहुधा उलट्या गणिताने काढलेला असतो: मॉडेल सांगतं इतके मरायला हवे होते, सापडले इतके, बाकीच्यांनी टाळलं असणार. म्हणजे मॉडेलमधल्या चुकाही त्यात मुरलेल्या असतात. म्हणूनच दर आणि मॉडेलचा प्रकार यांची जोडी असते. बँड मॉडेलचे चार पर्याय आहेत. पहिले दोन साधे, ज्यांत पात्यांच्या उंचीवरचे सगळे पक्षी वर्तुळात सारखे पसरलेले धरतात. पहिल्यात उंची प्रकल्पाच्या जागेवर मोजलेली, दुसऱ्यात अनेक ठिकाणच्या नोंदींवरून काढलेली. तिसरा आणि चौथा विस्तारित, ज्यांत खाली दाट आणि वर विरळ असं वाटप धरतात. तिसऱ्यात उंची सर्वसाधारण, चौथ्यात जागेवरची.

ब्रिटनच्या निसर्गसंवर्धन संस्थांनी २०१४ मध्ये साध्या पर्यायांसाठी गॅनेट आणि किटिवेकला ९८.९, मोठ्या कुरवांना ९९.५ टक्के असा सल्ला दिला. विस्तारित पर्यायासाठी गॅनेट-किटिवेकला दरच दिला नाही. तरीही लोक विस्तारित पर्याय चालवतात, कारण त्यात आकडा आधीच कमी येतो, आणि वर साध्या पर्यायाचा दर लावतात. ही सवलत दोनदा घेतल्यासारखी झाली. नंतर हे दर सुधारले गेले आहेत. अहवाल लिहाल त्या दिवशी लागू असलेला सल्ला पाहा आणि त्याच्या शेजारी पर्यायाचा क्रमांक लिहा.

गॅनेटच्या बाबतीत आणखी एक खबरदारी. तो प्रकल्पापासून लांब राहतो म्हणून घनता आधीच कमी केली असेल, तर पुढे लावलेल्या दरात तोच पहिला टप्पा पुन्हा मोजलेला नाही ना, ते बघा.

सावधान: कॅमेऱ्यात धडक दिसली नाही म्हणून दर १०० टक्के धरू नका. थॅनेटला २०१४ ते २०१६ मध्ये कॅमेऱ्यांनी सहा लाखांच्या वर चित्रफिती टिपल्या, पक्षी असलेल्या त्यातल्या सुमारे १२ हजार, आणि धडका सहा. अॅबरडीनच्या उपसागरातल्या ११ चक्क्यांच्या प्रकल्पात दहा हजारांहून अधिक चित्रफितींत एकही नाही. दोन्ही निष्कर्ष मोलाचे आहेत, पण मोजक्या चक्क्यांवरच्या मोजक्या काळातल्या कॅमेऱ्यांचे. दुसऱ्या समुद्रावर आणि दुसऱ्या जातीवर ते तसेच चिकटवता येत नाहीत. आपल्या सुरयांसाठी उत्तर समुद्रातल्या मोठ्या कुरवांचा दर लावणं तर निव्वळ उसनवारी. लावावाच लागला तर तसं स्पष्ट लिहा आणि ९८ टक्क्यांचंही उत्तर शेजारी द्या.

## ७. एक आकडा नाही, पल्ला

घनता, उंची, वेग, रात्रीचं प्रमाण, टाळण्याचा दर, सगळ्यांत अनिश्चितता आहे. तीच मॉडेलमध्ये घालून हजारो वेळा गणित फिरवण्याची सोय आता मोफत आज्ञावलीत आहे. ती वापरा आणि उत्तर पल्ल्यात द्या. पण पायरी ३ आणि ४ मधली चूक त्याने भरून निघत नाही. शून्यच चुकीचं असेल तर हजार फेऱ्यांनंतरही सगळा पल्ला चुकीच्या जागी बसतो.

तपासा: हाताने काढलेलं उत्तर आज्ञावलीच्या पल्ल्यात बसतं का? बसत नसेल तर बहुधा एकक चुकलं आहे, चौरस किलोमीटर आणि चौरस मीटर.

## ८. कोणत्या वसाहतीचे पक्षी?

आलेल्या टकरी ऋतूप्रमाणे वेगळ्या करा. विणीच्या काळातले पक्षी जवळच्या वसाहतींचे, हिवाळ्यातले दूरदूरचे. वयात न आलेले आणि प्रौढ पक्षी वेगळे मोजा, कारण दीर्घायुषी, वर्षाला एक-दोनच अंडी घालणाऱ्या पक्ष्यांत एका प्रौढाचं मरण वसाहतीला जास्त जड जातं. एकट्या प्रकल्पाचा आकडा लहान दिसतो, म्हणून त्याच वसाहतीवर ताण देणाऱ्या शेजारच्या सर्व प्रकल्पांची बेरीज करावी लागते. इंग्लंडच्या हॉर्नसी थ्री पवनचक्की प्रकल्पाला ३१ डिसेंबर २०२० रोजी परवानगी मिळाली, ती फ्लॅम्बरो आणि फाइली किनाऱ्यावरच्या किटिवेकच्या नुकसानीची भरपाई करण्याच्या अटीवर. म्हणून सफकच्या किनाऱ्यालगत किटिवेकसाठी कृत्रिम घरट्यांचे मनोरे उभे राहिले.

आपल्याकडे वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर सुरय वीण घालतात. अशा वसाहतीच्या पल्ल्यात कधी प्रकल्प आला, तर पिल्लांना भरवायला सुरय किती लांब आणि कोणत्या उंचीवरून जातात, त्याची मोजणी सर्वेक्षणाच्या पहिल्याच आराखड्यात हवी.

## ९. आकडा आल्यावर, आराखडा गोठण्याआधी

पक्षीतज्ज्ञाला बहुधा सगळं ठरल्यावर बोलावतात. तुम्ही उलट मागणी करा: चक्कीची निवड होण्याआधी तीन पर्याय चालवून देतो म्हणा. पहिला, आहे तसा. दुसरा, पाती पाच मीटर वर. तिसरा, तेवढ्याच मेगावॉटसाठी कमी पण मोठ्या चक्क्या. पक्षी खाली दाट असल्यामुळे पाती थोडी वर नेली तरी टकरी ठळकपणे घटतात, आणि हा बदल कागदावर असेपर्यंतच स्वस्त असतो.

अहवालासोबत मूळ तक्ता द्या. त्यात प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला, कोणत्या पातळीपासून मोजला आणि कोणत्या पर्यायासाठी लागू आहे, हे तीन रकाने भरलेले असावेत. यांतला एकही रिकामा असेल तर तो तक्ता पुढे पाठवू नका.